कमरेचा पट्टा: गादी सरकल्यावर किती उपयोगाचा?

मणक्यातली गादी सरकली की मेडिकलमधून आधी घरात येतो तो हा पट्टा. जाळीदार आणि पाठीमागे धातूच्या पट्ट्या असलेलाच घ्या. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत फोमचा पट्टा घामोळं उठवतो. माप पँटच्या नंबरवरून नको, बेंबीच्या रेषेत टेप लावून घ्या. बनियनवरून बांधा, धातूच्या पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना याव्यात, आत दोन बोटं सहज जावीत. कापूस वेचताना तंतू अडकून वेल्क्रो धरेनासा होतो; जुन्या टूथब्रशने साफ करा.

पण पट्टा गादी जागेवर बसवत नाही, फक्त वाकणं आवरतो. प्रवासात, कामात दोन-तीन तास पुरे, झोपताना काढाच. दिवसभर आवळला की पोटा-पाठीचे स्नायू ढिले पडतात, आणि पट्ट्याच्या भरवशावर केळीचे घड उचलणं तर फारच घातक. खरा गुण येतो चालण्याने आणि फिजिओथेरपीच्या व्यायामाने. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.