जळालेली फाइल की हिशेबाचं रजिस्टर? कुतला हरवलेल्या गोऱ्या शिपायाचा माग

पहिल्या महायुद्धात हरवलेल्या ब्रिटिश शिपायाचा शोध घ्यायला बसलेल्या माणसाला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची) साइट आणि कुणाला कुठलं पदक मिळालं ते सांगणारी मेडल कार्डं माहीत असतातच. नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, कबर कुठे किंवा नाव कुठल्या स्मारकावर, एवढं एका संध्याकाळीही हाताला लागतं. अडतं ते त्यानंतर. हा माणूस होता कोण, घरी कोण होतं, गेला कसा? इथून दोन वाटा फुटतात. एक, त्याची सर्व्हिस फाइल, म्हणजे लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ३६३ ही मालिका. दुसरी, ‘सोल्जर्स इफेक्ट्स’ची रजिस्टरं : मेलेल्या शिपायाचे सरकारकडे शिल्लक राहिलेले पैसे कुणाला किती दिले, त्याच्या नोंदी. मूळ रजिस्टरं नॅशनल आर्मी म्युझियमकडे आहेत. दोन्हींचे स्कॅन पैसे भरून वापरायच्या वंशावळीच्या साइटांवर मिळतात, म्हणून आधी कुठे वेळ घालायचा हा प्रश्न येतोच.

माझा शोध शेजारच्या आजींच्या चुलत आजोबांचा. मी राहतो ऑक्सफर्डजवळ, मूळचा नगरचा, आणि हे आजोबा फर्स्ट ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीतले. ऑगस्ट १९१४ मध्ये ही पलटण होती आपल्या नगरलाच. तिथून सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढायला गेली. या डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडींतल्या गोऱ्या पलटणी आपल्याच मुलखात तळ ठोकून होत्या : पुण्याला सेकंड डॉर्सेट, बेळगावला सेकंड नॉरफोक आणि नगरला ही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई झाली, तिथून मागे हटत सगळे कुत-अल-अमाराला आले, ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याने शरणागती पत्करली. कैद झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त परत आलेच नाहीत. कोणी वाळवंटातल्या पायपिटीत गेले, कोणी अमानस डोंगरातल्या बागचेच्या रेल्वे बोगद्यांवर खपता खपता.

म्हणजे हरवणंही दोन परींचं. फ्रान्सच्या आघाडीवर माणूस हरवला तर पलटणीच्या वॉर डायरीत निदान त्या दिवसाची हकिकत असते. कुतच्या कैद्याची पलटणच कैद झालेली, त्यामुळे २९ एप्रिलनंतर त्याच्याबद्दल लिहून ठेवायला पलटणीचं कुणी उरलंच नाही. कागद सापडायचे ते लंडनमध्ये नाहीतर जिनिव्हात.

आता फाइल. मिळाली, तर तिच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे आधीच कबूल करतो. त्याच पलटणीतल्या दुसऱ्या एका शिपायाची फाइल मला शोधता शोधता सापडली. भरतीच्या अर्जावर उंची, छातीचं माप, आधीचा धंदा, अंगावरच्या खुणा. मग शिक्षांचा तक्ता, त्यात दारू पिऊन बराकीत उशिरा परतल्याची नोंद. शेवटी डब्ल्यू ५०८० हा फॉर्म : मृताच्या नावाचं ब्राँझचं स्मृतिपदक आणि सन्मानपत्र कुणाला द्यायचं हे ठरवायला घरच्यांनी हयात असलेल्या सगळ्या नातेवाइकांची नावं-पत्ते लिहून द्यायचे. सावत्र भावंडंसुद्धा. एवढं कुटुंब एका कागदावर दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण त्या पानाचा उजवा कोपरा जळून गोल झालेला, पाण्याने शाई पसरलेली, आणि एका बहिणीच्या पत्त्यात गावाची पहिली तीनच अक्षरं शिल्लक.

हे जळणं सप्टेंबर १९४० चं. लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरच्या ज्या गोदामात या फायली होत्या, त्यावर जर्मन बॉम्ब पडले. सुमारे साठ टक्के फायली गेल्या. उरलेल्यांना लोक ‘बर्न्ट डॉक्युमेंट्स’ म्हणतात. (डब्ल्यूओ ३६४ नावाची न जळलेली मालिकाही आहे, पण ती मुख्यतः जखम-आजारपणामुळे पेन्शन घेऊन बाहेर पडलेल्यांची. रणात मेलेल्याला तिथे शोधू नका.)

साठ टक्के गेल्या याचंही मला काही वाटत नाही, नशीब म्हणून सोडून देता येतं. मला वैताग आणला तो दुसऱ्याच गोष्टीने. या फायलींत शोध घेतला की ठाम ‘नाही’ कधी मिळत नाही. नाव टाकलं, काही आलं नाही. याचा अर्थ फाइल जळाली असा होतो का? होईलही. किंवा फाइल आहे, पण सूची करणाऱ्याने जळक्या कडेवरचं आडनाव चुकीचं वाचलंय, ‘हॉकिन्स’चं ‘हँकिन्स’ केलंय. किंवा नंबर जळाल्यामुळे पलटणीचा रकानाच कोरा आहे. किंवा त्याची चार पानं दुसऱ्याच्याच फाइलमध्ये चिकटलीत. प्रत्येक शक्यतेमागे एक संध्याकाळ जाते. नुसत्या नंबराने शोध, नुसत्या गावाने शोध, आईच्या नावाने शोध, मग स्पेलिंगची जेवढी सोंगं सुचतील तेवढी. आणि अखेरीस हात हलवत उठलो तरी ‘अजून एकदा पाहू’ ही रुखरुख जात नाही. आजींनी दर वेळी विचारायचं, ‘काही कळलं का?’ आणि मी काय सांगणार? ‘नाही’ म्हणावं, तर तेही खात्रीने म्हणता येत नव्हतं.

रजिस्टरात हा छळ नाही. तिथे माणसाला फाइल लागत नाही, फक्त मरण लागतं. शिपाई मेला की हिशेब व्हायचा, आणि हिशेब झाला की ओळ पडायची. काही अपवाद असतील, पण माझ्या अनुभवात मेलेला ब्रिटिश शिपाई तिथे भेटतोच. दिसायला मात्र अगदीच रुक्ष : एकेका माणसाला एक आडवी ओळ. नाव, हुद्दा, नंबर, मृत्यूची तारीख आणि जागा, जमा रक्कम पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, मंजुरीची तारीख, आणि शेवटी कुणाला दिली ते, नात्यासकट.

आमच्या आजोबांची ओळ अशी. जागेच्या रकान्यात तुर्कांच्या कैदेत मृत्यू. पहिली रक्कम आईला. काही वर्षांनी युद्धाची ग्रॅच्युइटी आली, ती मात्र आईला नाही, बहिणीला. म्हणजे मधल्या काळात आई गेली असावी. मग मृत्युनोंदींच्या सूचीत तेवढीच वर्षं चाळली आणि आई सापडली. बहिणीचं लग्नानंतरचं आडनाव त्या ओळीतच होतं, तिथून आजींच्या घराण्याशी धागा जुळला. दोन रकमा आणि दोन नाती, पण घरात काय झालं ते कळलं.

ग्रॅच्युइटीचा आकडाही बोलतो. परदेशात सेवा झालेल्या साध्या शिपायाला पहिल्या बारा महिन्यांचे पाच पौंड आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचे दहा शिलिंग असा साधारण हिशेब. दहा पौंड दिसले तर सेवा बावीस महिन्यांच्या आसपास, आणि मृत्यूच्या तारखेपासून मागे मोजलं की भरतीचा महिना निघतो. युद्धात भरती झालेल्यांसाठी हे फार कामाचं. नगर-बेळगावच्या या जुन्या फौजींना मात्र तितकं लागू नाही, कारण त्यांची गणती ४ ऑगस्ट १९१४ पासूनच धरलेली असते. त्यांच्यासाठी इंग्लंडची १९११ ची जनगणना पाहावी. त्या वर्षी परदेशातल्या ब्रिटिश छावण्यांचीही शिरगणती झाली होती, त्यात वय आणि जन्मगाव मिळतं.

कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसची कार्डंही आहेत, २०१४ पासून ऑनलाइन आणि फुकट. तिथे एकेका माणसाची सूची नाही, आडनावाच्या आसपासचे कार्डांचे गठ्ठे चाळावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण प्रामाणिक आहे.

एक गोष्ट मात्र खटकली, ती लिहितोच. नगरच्या या पलटणीच्या ब्रिगेडमध्येच १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री होती. कुतला वेढ्यात तेही होते, कैदेतही तेही गेले. त्यांच्यातल्या शिपायासाठी या दोन्ही वाटा बंद आहेत. डब्ल्यूओ ३६३ ब्रिटिश लष्कराची, रजिस्टरंही ब्रिटिश लष्कराचीच. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याचं स्मारक उभारलं तेव्हा त्याच्या भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या. गोऱ्या शिपायाचं एखादं पान जळालं म्हणून मी वैतागत होतो, तेव्हा हे डोक्यात होतंच.

तर निवड करायचीच असेल तर, मला विचाराल तर, रजिस्टर आधी. फाइलसाठी एकच संध्याकाळ ठेवा, मिळाली तर घबाड, नाही मिळाली तर उठा. इंग्लंडमध्ये असाल तर सबस्क्रिप्शन घेण्याआधी गावच्या लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी या साइटा तिथे फुकट उघडतात. क्यूला गेलात तर तिथल्या संगणकांवरही. महाराष्ट्रात बसून करणार असाल तर आधी सगळी नावं-नंबर जमवून ठेवा आणि मग एकाच महिन्याचे पैसे भरा.

तुमचा माणूस अधिकारी असेल तर मात्र ही तुलना बाजूला ठेवा, त्यांच्या फायली डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४ मध्ये वेगळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातला असेल तरीही. त्या फायली आर्नसाइड स्ट्रीटला नव्हत्या, आणि २०२२ पासून त्या संरक्षण मंत्रालयाकडून क्यूला हलवल्या जात आहेत. तिथे फाइलच आधी मागवा.