आजोबांची आई शोधताना: घरगुती डीएनए चाचणी, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. आडनावाचं मूळ शोधायला ही चाचणी घेणार असाल तर घेऊ नका. आजी-आजोबांचे जन्मदाते शोधायचे असतील तर घ्या, पण स्वतःची नको. घरात जे सर्वांत वयस्क माणूस हयात आहे, त्यांची घ्या. माझ्यात आजोबांचा साधारण पाव हिस्सा आहे, आईत अर्धा. एवढ्या एका गोष्टीने सगळा फरक पडतो.

आमचं प्रकरण असं. आईचे वडील देशावरच्या एका जुन्या अनाथाश्रमातून दत्तक आले. घेणारे शाळामास्तर. त्यांचं गावावरून पडलेलं आडनाव आजोबांना लागलं, पुढे मामांना. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठायचं. असे आश्रम का निघाले ते गुपित नाही. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालकाश्रम सुरू केला. विधवेला दिवस गेले की तीर्थाच्या गावी नेऊन बाळंत करायचं, मूल तिथेच ठेवायचं आणि काही न घडल्यासारखं परतायचं, हे कितीतरी अब्रूदार घरांत झालं. आजोबा बऱ्याच नंतर जन्मले, तरी अंदाज तोच होता. फक्त आजोबांच्या आईचं नाव नव्हतं.

कागदाचा रस्ता बंद होता. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तक प्रकरणं पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, नियमांत स्वतः दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपलं मूळ शोधता येतं, तिऱ्हाइताला नाही. आजोबा गेले, आणि नात त्या चौकटीत कुठे बसत नाही.

आई आणि मामा अमेरिकेत आमच्याकडे आले तेव्हा नमुने दिले. वयस्कांसाठी गालाच्या आतून स्वॅब घेणारं किट निवडा (मायहेरिटेज, फॅमिली ट्री डीएनए). लाळेची नळी भरताना औषधांनी तोंड कोरडं पडलेल्या माणसाचे हाल होतात. आमचा एका ठिकाणचा नमुना त्यापायीच बाद झाला. अर्धा तास चहा नाही, हे आईला पटवणं त्याहून अवघड. ‘तुम्ही इतके टक्के अमुक’ हा रंगीत नकाशा बघा, हसा आणि विसरा. कंपनीने हिशेब सुधारला की तो बदलतो.

खरा माल मॅचच्या यादीत असतो, म्हणजे ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो अशा माणसांच्या. दोघांत किती डीएनए सामाईक आहे ते सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात: आई-मूल सुमारे ३४००, पणजोबा-पणजी एक असलेली भावंडं सरासरी २३०च्या आसपास, त्याच्या पुढच्या पिढीत ७०-७५, आणि तिथे दहातल्या एकाशी तर काहीच जुळत नाही. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य घरांचे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक, कित्येक समाजांत मामाची मुलगी करायची पद्धत, त्यामुळे एकच माणूस तुम्हाला चार वाटांनी नातेवाईक लागतो आणि आकडा फुगतो. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सलग जुळणारा सर्वांत लांब तुकडा किती आहे ते पाहा. नव्वदची बेरीज सात-आठच्या तुकड्यांची असेल तर ते जुनं मिसळलेलं रक्त आहे, तिथे पत्र लिहू नका.

आडनावाचं सांगते. मामांची वाय-डीएनए चाचणी केली, कारण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि इंग्रजी आडनावंही तशीच जातात. निकाल आला आर१ए, हे बापाकडच्या एका फार जुन्या वंशगटाचं नाव. भारतात असे कोट्यवधी पुरुष असतील. शिवाय आपली आडनावं या कामाची नाहीत. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही हुद्द्यांवरून आली, जाधव-पवार कितीतरी जातींत आहेत, आणि एका घरातला एक भाऊ गाव सोडून गेला की तो त्या गावचा ‘कर’ व्हायचा.

आता मूळ गोष्ट. आईकडून जाणारं मायटोकाँड्रियल डीएनए इथे उपयोगाचं नव्हतं. आजोबा पुरुष, ते त्यांच्यापाशीच थांबलं. पण पुरुषाला एकच एक्स गुणसूत्र असतं, ते आईचं, आणि ते तो मुलीला जवळजवळ जसंच्या तसं देतो. म्हणजे माझ्या आईच्या दोन एक्सपैकी एक सबंध त्या अज्ञात बाईचं आहे! हे कळल्यावर मी रात्री जेवण विसरले. चाचणीची कच्ची फाइल उतरवून जीईडीमॅच या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली ताडून पाहणाऱ्या साइटवर चढवली, तिथे एक्सची तुलना वेगळी करता येते.

आजीचं माहेर सातारा भागातल्या मराठा घराचं. तिकडच्या एका भावाचीही चाचणी करून घेतल्याने त्या बाजूचे मॅच वेगळे काढता आले. उरलेल्यांत ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एक बाई निघाल्या, दोनशे सेंटीमॉर्गनच्या वर, लांब तुकड्यांच्या, आणि एक्सवरही मोठा पट्टा जुळणाऱ्या. त्यांच्याभोवतीचे लहान मॅच सगळे रत्नागिरीकडच्या चित्पावन आडनावांचे. नशीब असं की त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात मुलग्यांना परिच्छेद आणि मुलींना एक ओळ. त्या बाईंच्या आजीच्या बहिणींत दोघी वयाने बसतात. एकीपुढे नातवंडांपर्यंत नावं आहेत. दुसरीपुढे सासरचं आडनाव आणि ‘बालविधवा’. पुरावा म्हणाल तर हा नाही, पण मला पुरेसा वाटतो.

आईने ते पान फोनवर मोठं करून वाचलं आणि त्या बाईंना कळवायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या घरात हे कुणाला माहीत असेल असं तिला वाटत नाही. मी तिचं प्रोफाइल इतरांना दिसू नये अशी सेटिंग करून टाकली. तुम्हीही हे आधी ठरवा, आणि माहितीच्या सुरक्षेचाही विचार करा: ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा मराठी मॅच फार थोडे म्हणून कापला, एक ग्राहकसेवेचा.

मामांना आता बापाच्या बाजूसाठी मोठी वाय चाचणी करायची आहे. ती महाग आहे, त्यांच्या यादीत मराठी माणूस औषधालाही नाही, म्हणून मी पैसे भरणार नाही असं सांगितलंय. ते पेन्शनमधून भरतो म्हणतात.