वरच्या कप्प्यातला माल काढायला काय घ्यावं: साधी शिडी, प्लॅटफॉर्म शिडी की सिझर लिफ्ट?

साकीनाका, शिवडीकडच्या गाळ्यांमध्ये रॅक छताला भिडलेले असतात. भाडं चौरस फुटावर लागतं, उंचीचं वेगळं लागत नाही. म्हणून माल वर चढतो आणि त्याच्यामागे माणूसही. शिडी घेताना मालक उंची आणि किंमत विचारतात. माझ्या मते आधी हे विचारावं: वर गेलेल्या माणसाला खोका उचलताना तोल सांभाळायला काय उरतं?

साध्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर काहीच उरत नाही. खोक्याला दोन्ही हात लागतात, मग शिडी धरायची कशानं? शिवाय 4 मीटरवर टेकवायची तर तिचा पाय 1 मीटर पुढे हवा. दाटीच्या गाळ्यात तेवढी वाट नसते, म्हणून ती जवळजवळ सरळ उभी करतात आणि माणूस खोक्यासकट मागे कोसळतो. ट्यूबलाइट बदलायला ठीक, मालासाठी नको.

चाकांच्या प्लॅटफॉर्म शिडीला वर सपाट जागा आणि कठडा असतो, त्यामुळे दोन्ही हातांनी काम करता येतं. घेताना दुकानातच पायरीवर चढून बघा. स्प्रिंगच्या चाकांची असेल, तर वजन पडताच चाकं दबून रबरी पाय जमिनीवर घट्ट बसले पाहिजेत. गाळ्यातला कोबा उखडलेला असेल तर तो आधी करून घ्या. मात्र या शिडीवरूनही खोका कवेत घेऊन उतरायचं नाही. हलका खोका खालच्या माणसाकडे द्यायचा, जड माल मुळात कमरेच्या उंचीवर लावायचा.

सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या दांड्यांवर वर जाणारा कठड्याचा मंच, सर्वांत सुरक्षित, पण ती भिवंडीच्या मोठ्या गोदामांत शोभते. छोटी इलेक्ट्रिक लिफ्टही सहसा टनाहून जड असते. तिला सपाट जमीन आणि शिकलेला चालक लागतो, आणि पोटमाळ्यावर ती नेण्याचा विचारही करू नये. पूर्ण पॅलेट, म्हणजे माल रचलेले लाकडी पाट, उतरवायचे असतील तर ते काट्यांवर उचलणारी ढकलगाडी, म्हणजे स्टॅकर घ्या, माणूस खालीच राहतो. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट ठेवून त्यावर पोराला वर पाठवणं आजच बंद करा.

‘हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) घालू’ हा तोडगा इथे बहुधा फसवा आहे. 1.8 मीटरची दोरी आणि झटका शोषणारा शॉक ॲब्जॉर्बर पूर्ण ताणले जायला दोरी अडकवलेल्या जागेपासून खाली साधारण 5 ते 6 मीटर मोकळी जागा लागते. 3 मीटरवरून पडलेला माणूस त्याआधीच जमिनीवर आदळतो.

दोन-चार हमालांच्या गाळ्याला मी प्लॅटफॉर्म शिडीच सांगेन. ती आली की जुनी शिडी कुलपात ठेवा. हाताशी असली की पावसाळ्यात, ट्रक दारात उभा असताना, ओल्या चपलांनी माणूस तिच्यावरच चढतो.