घरात मशीनने कोरीवकाम: धूळ कशाने आवरायची?

पटाशी-मोगरीने कोरलं की ढलप्या पडतात. झाडू मारला, विषय संपला. त्याच लाकडाला रोटरी टूल (हातात धरायचं, बारीक पातं गरगर फिरवणारं मशीन) लावलं की ढलप्यांऐवजी पीठ निघतं, आणि ते पीठ खाली बसायला तयार नसतं. काम थांबवून अर्धा तास झाल्यावर खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्चचा झोत आडवा टाकून बघा. झोतात जे नाचताना दिसतं ते तरी बरं. खरी भीती न दिसणाऱ्याची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि १० मायक्रॉनच्या खालचे कण थेट छातीत उतरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

तेव्हा काहीतरी घ्यायचं हे नक्की. प्रश्न आहे तो काय घ्यायचं याचा.

व्हॅक्यूम की डस्ट कलेक्टर?

बहुतेकांची पहिली उडी व्हॅक्यूम क्लीनरवर पडते. माझीही तशीच पडली होती. नळी डाव्या हाताशी बांधली, मशीन सुरू केली आणि तासाभराने चष्मा पुसायला घेतला तर काचेवर नेहमीसारखाच पांढरा थर.

कारण साधं आहे. व्हॅक्यूमची ओढ जोरकस असते, पण तो हवा थोडी खेचतो. डस्ट कलेक्टर म्हणजे मोठ्या पंख्याने धुळीची हवा ओढून ती गाळणारं यंत्र; त्याची ओढ सौम्य, पण हवा भरपूर. त्यात नळीच्या तोंडापासून जरा लांब गेलं की ओढ झपाट्याने मरते: तोंडाचा जितका व्यास, तितक्या अंतरावर हवेचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे दोन इंची नळीपासून दोन इंचांवरच खेळ जवळपास संपला. कोरताना आपण लाकूड हातात फिरवत असतो, बिट, म्हणजे मशीनचं फिरतं पातं, कधी डावीकडे धूळ फेकतो, कधी अंगावर. दोन इंचांत ते सगळं सापडणार कसं? नळीला मोठं नरसाळं लावायची युक्ती अनेकजण करतात. त्याने उलट होतं: तेवढीच हवा मोठ्या तोंडावर पसरते आणि वेग आणखी पडतो.

चार इंची पाइपचा कलेक्टर इथे सरस ठरतो. पण विकत घेताना त्याची पिशवी बघा. साध्या यंत्रांना बऱ्याचदा ३० मायक्रॉनची कापडी पिशवी असते. ढलप्या ती अडवते आणि सगळ्यात घातक पीठ गाळून परत खोलीत सोडते. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण अडवणारा कार्ट्रिज फिल्टर (पिशवीऐवजी बसणारं घड्यांचं नळकांडं) नसेल तर असा कलेक्टर घरात न आणलेला बरा.

व्हॅक्यूम अगदीच टाकाऊ नाही. सँडरला (लाकूड घासायच्या मशीनला) धूळ-नळीचं तोंड असतं, तिथे तोच हवा. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) घ्या आणि त्याच्या आधी सायक्लोनची, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारी, बादली जोडा, म्हणजे भुसा बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

खिडकीबाहेर की गाळून परत?

माझं मत विचाराल तर खिडकी असलेल्याने फार विचार करूच नये. तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी अशी पेटी टेबलावर ठेवायची, मागच्या बाजूला पंखा, तिथून पाइप खिडकीबाहेर. हात पेटीच्या आत घालून कोरायचं. धूळ बाहेरच जात असल्याने फिल्टरची कटकट नाही. पाइप लांब असेल किंवा मध्ये जाळी असेल तर साधा पात्यांचा पंखा दमतो, तिथे जोराने हवा ढकलणारा ब्लोअर लागतो. पेटीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा; ती आत झुकली पाहिजे, नुसती थरथरून चालणार नाही.

बाहेर गेलेल्या हवेइतकी आत यायलाही हवी, हे मात्र विसरलं जातं. पाठीमागचं दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे हवा तुमच्याकडून कामाकडे आणि तिथून बाहेर वाहते. त्याच खोलीत किंवा शेजारी गॅसचा गीझर असेल तर जास्त काळजी घ्या, पंखा त्याचा धूर उलटा आत ओढू शकतो. खिडकीसमोर शेजाऱ्याची गॅलरी असली तर हा पर्याय बाद समजा; मग तीच पेटी आणि चांगल्या फिल्टरचा कलेक्टर.

छताला टांगायचा एअर क्लीनर यांच्या जागी चालत नाही. तो निसटलेल्या धुळीसाठी आहे. तो हवा स्वच्छ करेपर्यंत तुमच्या नाकातून ती दहादा जाऊन आलेली असते.

मास्क

हा सगळ्यांसोबत लागतोच. एन९५ किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. रोज तासन् तास काम असेल तर पी१०० फिल्टरचा (जवळपास सगळे कण अडवणारा), नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धमुखी मास्क घ्या, श्वासही त्यात सुखाचा वाटतो. दाढी असेल तर दोन्ही निकामी. मग दाढी काढा, नाहीतर पंख्याचा, सैल बसणारा शिरस्त्राणासारखा मास्क घ्या. तो महाग आणि जड असतो. काम संपल्यावर लगेच मास्क उतरवू नका. झाडलोट करताना तर नाहीच, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

मी काय निवडेन?

खिडकी असेल तर पेटी, ब्लोअर आणि अर्धमुखी मास्क. आठवड्यातून तासभरच बारीक काम असेल तर जागेवर घट्ट बसवलेली हेपा व्हॅक्यूमची नळी आणि मास्क चालून जाईल, फक्त नळीच्या तोंडाला चिकटूनच कोरायचं. आधी करवत-पटाशीने जमेल तेवढं लाकूड उडवलं तर मशीनला पीठ करायला उरतंच कमी.

अँगल ग्राइंडरला कोरायची चकती लावणार असाल तर वरचं काहीच पुरणार नाही. ते काम उघड्यावर.