‘एकदाच भरा, आयुष्यभर बघा’: टीव्ही बॉक्सच्या नावाखाली सोलापुरात होणारी फसवणूक

इंटरनेटवरून चॅनेल दाखवणारा हा टीव्ही बॉक्स सोलापुरात खपतो, त्याला कारण आहे. पूर्व भागात एकाच घरात आजीला तेलुगू मालिका लागते, शाळेतल्या मुलांना मराठी कार्टून लागतं आणि शेजारच्या घरात कन्नड बातम्या चालू असतात. केबलवर तिन्ही भाषांचे पॅक घेतले की महिन्याचं बिल वाढतं. नेमक्या अशा घरात कोणीतरी ओळखीतून येतो आणि सांगतो, “महिन्याची कटकटच नाही काकू. एकदाच भरा, आयुष्यभर बघा. सगळ्या भाषा, सगळे स्पोर्ट्स.”

विडी घरकुल भागातल्या एका घरात झालेला व्यवहार क्रमाने देतो, कारण बहुतेक ठिकाणी क्रम हाच असतो. बॉक्सचे ४,५०० रुपये रोख, पावती नाही. बसवून देणाऱ्याने समोर २४ तास ‘ट्रायल’ चालवून दाखवली आणि चित्र खरोखर स्वच्छ होतं. साधारण पाचव्या आठवड्यात चॅनेल अडकायला लागले. फोन केल्यावर उत्तर आलं, “सर्व्हर अपडेट झालाय, ६०० रुपये टाका.” ते दोनदा टाकले. तिसऱ्यांदा व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल (प्ले स्टोअरला वगळून ॲप टाकायची फाइल) आली आणि ‘नवीन ॲप मोबाइलमध्ये टाका, तिथून बॉक्स ॲक्टिव्हेट होईल’ असा निरोप आला. ॲप टाकल्यावर दोन दिवसांत त्या मोबाइलला जोडलेल्या खात्यातून १९,००० रुपये गेले. आता विकणाऱ्याचा नंबर बंद आहे.

यात एक नाही, तीन वेगवेगळ्या फसवणुकी आहेत. त्या सुट्या करून पाहिल्या तरच कुठे थांबायचं ते कळतं.

पहिली फसवणूक ‘फुकट’ या शब्दाची. इंटरनेटवरून टीव्ही पाहण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर खरोखरच फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं. व्हीएलसी प्लेअर १९९६ साली पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि २००१ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. कोडी २००२ मध्ये एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रासाठी सुरू झालं आणि २०१४ पासून आजच्या नावाने ओळखलं जातं. दोन्हींच्या मागे ना-नफा संस्था आहेत, दोन्हींना एक रुपयाही द्यावा लागत नाही. पण दोन्हींमध्ये एकही चॅनेल नसतो. प्लेअर म्हणजे रिकामं भांडं, दूध वेगळं आणावं लागतं. कोडी बनवणारे स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की आमच्या सॉफ्टवेअरबरोबर कोणताही कार्यक्रम येत नाही आणि ‘कोडी भरलेला बॉक्स’ विकणाऱ्यांशी आमचा संबंध नाही. म्हणजे विकणारा सॉफ्टवेअरचे पैसे घेत असेल तर तो फुकटची वस्तू विकतोय. चॅनेलचे घेत असेल, तर ते चॅनेल त्याचे नाहीत.

मग चॅनेल येतात कुठून? बॉक्समध्ये किंवा ॲपमध्ये एक यादी टाकलेली असते, तिला एम-थ्री-यू प्लेलिस्ट म्हणतात. ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह आणि फाइलच्या प्रकाराचं नाव, त्याखाली प्रत्येक चॅनेलच्या दोन-दोन ओळी: वरच्या ओळीत चॅनेलचं नाव आणि लोगो, खालच्या ओळीत पत्ता. वर सांगितलेल्या बॉक्समधली यादी उघडली तेव्हा प्रत्येक पत्त्याच्या पोटात तेच युजरनेम आणि तोच पासवर्ड होता. म्हणजे विकणाऱ्याने कुठल्यातरी चोरट्या सर्व्हरवरची एक ‘लाइन’ घेतली होती. अशा लाइनला एका वेळी किती जणांनी पाहायचं याची मर्यादा असते, बहुधा एक किंवा दोन. तीच लाइन चार-पाच घरांत वाटली की दुपारी सगळं ठीक चालतं आणि रात्री आठ-नऊला, सगळ्यांनी एकदम टीव्ही लावल्यावर, कोणाचा तरी बंद पडतो. ‘सर्व्हर अपडेट’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं. ट्रायल स्वच्छ का दिसते तेही यातूनच कळतं: त्या २४ तासांत ती लाइन तुमच्या एकट्याची असते.

‘आयुष्यभर’ हा शब्द तर कुठेच टिकत नाही. विकणारा वरच्या माणसाकडून क्रेडिट विकत घेतो. एका क्रेडिटवर ठरावीक महिने लाइन चालते, ती संपली की संपली. वरचा सर्व्हर कधीही बंद पडू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीच्या पोलिसांनी अशा लाइन्स चालवणारी एक्सट्रीम कोड्स ही यंत्रणा बंद केली, तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या सेवा एका दिवसात काळ्या पडल्या होत्या. खालच्या विक्रेत्याला ते थांबवताही येत नाही आणि पैसे परत करण्याचीही त्याची तयारी नसते.

दुसरी फसवणूक खुद्द बॉक्सची, आणि माझ्या मते ही सगळ्यात कमी ओळखली जाते. खोक्यावर ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज’ छापलेलं असतं. सेटिंगमध्येही तेच दिसतं, कारण फर्मवेअरला, म्हणजे बॉक्समधल्या मूळ सॉफ्टवेअरला, तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत बऱ्याचदा १ किंवा २ जीबी रॅम आणि ८ किंवा १६ जीबी जागा निघते. तपासायची सोपी रीत अशी: पेनड्राइव्हवरून एकूण २० जीबीच्या व्हिडिओ फाइल बॉक्सच्या आतल्या मेमरीत कॉपी करा आणि शेवटची फाइल चालवून पाहा. कॉपी मध्येच अडकली किंवा शेवटची फाइल चालली नाही, तर आकडा खोटा. अडॅप्टरही बघा. त्यावर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो प्रत्यक्षात कमी देत असेल, तर बॉक्स आपोआप बंद-चालू होतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा टीव्हीच्या मागे कोंबलेला बॉक्स तापूनही अडकतो. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ असं विकणाऱ्याने सांगितलं तरी एकदम मान्य करू नका. एचडी चित्राला ५ ते ८ एमबीपीएस पुरतात. मोबाइलवर स्पीड मोजा, तिथे २० दिसत असतील तर दोष नेटचा नाही.

खोटा आकडा हा पैशाचा तोटा झाला. खरा धोका आतल्या मालवेअरचा, म्हणजे लपवून बसवलेल्या घातक सॉफ्टवेअरचा. जानेवारी २०२३ मध्ये टी-९५ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर भरलेलं सापडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉइड नावाच्या मालवेअरने सुमारे १३ लाख बॉक्स बाधित झाल्याचं रशियन अँटिव्हायरस कंपनी डॉक्टर वेबने जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने बॅडबॉक्स या मालवेअरने ग्रासलेल्या सुमारे ३०,००० उपकरणांचा ते मालवेअर चालवणाऱ्यांच्या सर्व्हरशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या पुढच्या आवृत्तीबद्दल जाहीर इशारा दिला. असा बॉक्स तुमच्या घरचं नेट दुसऱ्यांना भाड्याने देतो. कोणीतरी लांबचा माणूस तुमच्या आयपी पत्त्यावरून बनावट खाती उघडतो, इतरांच्या खात्यांचे पासवर्ड चाळून बघतो, आणि माग काढत आलेली चौकशी तुमच्या दारात येते.

याची खूण राउटरवर दिसते. राउटरच्या पानावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये कोणत्या उपकरणाने किती डेटा वापरला ते दिसत असेल, तर बॉक्सचा ‘अपलोड’चा आकडा बघा. टीव्ही पाहताना डेटा खाली येतो, वर जवळपास काहीच जात नाही. ५ एमबीपीएसवर एक तास पाहिलं की साधारण सव्वादोन जीबी डाउनलोड होतं आणि अपलोड त्या मानाने नगण्य असतं. टीव्ही बंद असताना, घरात सगळे झोपलेले असताना, बॉक्स शेकडो एमबी अपलोड करत असेल तर त्याची वायर काढा. फॅक्टरी रीसेटने हे जात नाही, कारण मालवेअर सिस्टिमच्या भागातच बसवलेलं असतं आणि रीसेट तो भाग पुसत नाही. अशा बॉक्सवर विश्वास ठेवायला जागाच उरत नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी दुकानातच बघता येतात. बॉक्सवरचं प्ले स्टोअर उघडून सेटिंगमधल्या ‘अबाउट’ भागात ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’समोर काय लिहिलंय ते वाचा. सर्टिफाइड नसेल किंवा ती ओळच नसेल, तर तो गूगलने तपासलेला बॉक्स नाही. दुसरं, वाइडवाइनची पातळी. वाइडवाइन म्हणजे पैसे भरून पाहायच्या व्हिडिओंची चोरी रोखणारी गूगलची यंत्रणा. एल-थ्री असेल तर पैसे भरून घेतलेली नेटफ्लिक्स, प्राइमसारखी ॲप्सही त्यावर जुन्या टीव्हीसारखं ४८० रेषांचंच चित्र देतात. नव्या पेठेत असो की ऑनलाइन, दुकानदार बॉक्स चालू करून हे दाखवायला तयार नसेल तर तिथून उठा.

तिसरी फसवणूक मोबाइलमधली, आणि मोठी रक्कम इथेच जाते. टीव्हीच्या प्लेअरला नेटवर्क लागतं, फार तर फाइल वाचायची परवानगी लागते. एसएमएस, कॉन्टॅक्ट्स, कॉल, नोटिफिकेशन वाचणं आणि विशेष करून ‘ॲक्सेसिबिलिटी’ यातलं काहीही त्याला लागत नाही. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे स्क्रीनवर काय आहे ते वाचायची आणि तुमच्याऐवजी बटणं दाबायची मुभा. ती आणि एसएमएस एकत्र दिले की ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जातो. बॉक्स ॲक्टिव्हेट करण्यासाठी मोबाइलमध्ये एपीके टाकायला सांगणारा प्रत्येक निरोप फसवणुकीचा समजा. ‘१ रुपयात ट्रायल’ म्हणून आलेली यूपीआय विनंतीही नीट वाचा. ती ऑटोपेची असेल तर नंतर १५,००० रुपयांपर्यंतची वजावट प्रत्येक वेळी पिन न मागता होऊ शकते. वजावटीआधी किमान २४ तास सूचना येते, पण ती जाहिरातींच्या गर्दीत हरवते. यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ भाग उघडून ओळखीची नसलेली मंजुरी आजच रद्द करा.

असं ॲप आधीच टाकलं असेल तर हा क्रम पाळा. पहिल्यांदा मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करा. मग आपल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये आधी ॲक्सेसिबिलिटी आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्या ॲपचा हक्क काढा, त्यानंतरच ते अनइन्स्टॉल होतं. उलट क्रमाने गेलात तर बटण राखाडी दिसतं आणि माणूस घाबरतो. नंतर मोबाइलचं नेटवर्क चालू करून, नेट मात्र बंदच ठेवून, *#२१# डायल करा आणि कॉल फॉरवर्डिंग बघा. कुठला अनोळखी नंबर दिसला तर ##००२# ने रद्द करा. शेवटी फोटो उतरवून घेऊन मोबाइल फॅक्टरी रीसेट करा.

मग पाहायचं कशावर? तिन्ही भाषांसाठी महिन्याचा खर्च नको असेल तर डीडी फ्री डिश पहिला पर्याय आहे. छतावर डिश आणि सेट-टॉप बॉक्स, एकदाच खर्च. त्यावर सह्याद्री आहे, कन्नडसाठी चंदना आहे, तेलुगूसाठी यादगिरी आणि सप्तगिरी आहेत. इंटरनेटवरच पाहायचं असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, ते प्ले स्टोअरवर फुकट आहे. अनेक मराठी वृत्तवाहिन्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर थेट प्रक्षेपण देतात. खासगी वाहिन्यांच्या मालिका आणि बहुतेक क्रिकेट पैसे भरूनच मिळतं. ते फुकट देतो म्हणणाऱ्याकडे ते देण्याचा हक्क नसतो.

कोडी वापरायचं तर ते कोडी डॉट टीव्हीवरून किंवा प्ले स्टोअरवरूनच घ्या. सेटिंगमध्ये ॲड-ऑन्स, तिथे ‘इन्स्टॉल फ्रॉम रिपॉझिटरी’, मग पीव्हीआर क्लायंट्समधून ‘पीव्हीआर आयपीटीव्ही सिंपल क्लायंट’ निवडा. कॉन्फिगर करताना वाहिनीने स्वतः जाहीर केलेल्या यादीचा पत्ता टाका आणि कोडी पुन्हा सुरू करा. डाव्या बाजूच्या टीव्ही भागात चॅनेल दिसतील. ‘अननोन सोर्सेस’ मुळात बंद असतं, ते बंदच ठेवा. बाहेरचे ॲड-ऑन हे प्रोग्रामच असतात. २०१८ मध्ये काही अनधिकृत भांडारांतल्या ॲड-ऑनमधून लोकांच्या संगणकांवर गुपचूप क्रिप्टो नाणी काढली जात असल्याचं उघड झालं होतं.

तक्रारीबद्दल. ऑनलाइन सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर, नाहीतर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा आणि पोच घ्या. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर आधीचा तोटा बहुधा तुमच्यावर येतो, पण कळवल्यानंतर गेलेल्या पैशाची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेची असते. बॉक्सच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पावती नसली तरी व्हॉट्सॲपचे निरोप, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, खोक्यावरच्या लेबलचा फोटो आणि बॉक्सच्या तळाचा सिरियल नंबर उपयोगी पडतो. मोबाइल रीसेट करण्याआधी निरोपांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर काढून घ्या, आणि ‘बदलून देतो’ म्हणून विकणारा बॉक्स मागायला आला तर तक्रार नोंदवून होईपर्यंत तो त्याच्या हातात देऊ नका.