वहीत कोड, की थेट लॅपटॉपवर?

खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला येणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, प्रोग्राम आधी वहीत लिहू की थेट टाइप करू?" दोन मित्रांनी दोन सल्ले दिलेले, पोरगं गोंधळलेलं.

खर्चात वही जिंकणारच. बसमध्ये उघडते, लाइट गेली तरी चालते.

खरा फरक चुकीत आहे. सी या प्रोग्रामिंग भाषेत ओळीच्या शेवटी अर्धविराम (;) टाकायचा राहिला, की काही कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारे प्रोग्राम) पुढच्याच ओळीकडे बोट दाखवतात. ही खोड वहीत कधीच कळायची नाही. वही सगळं निमूट सोसते. पण लॅपटॉपही फसवतो. भाच्याने पायथन या दुसऱ्या भाषेत १ ते १० ची बेरीज करायला, कुठून कुठवरचे आकडे घ्यायचे ते सांगताना, रेंज(१, १०) लिहिलं. उत्तर आलं ४५. मग १० चं ११ केलं, ५५ आलं, गडी खूश! का आलं, ते मात्र सांगता येईना. वहीत आकडा आणि तोवरची बेरीज असे दोन रकाने पाडून एकेक फेरी लिहायला लावली. नवव्या ओळीला ९ आणि ४५ वर गाडी थांबली, तेव्हा म्हणाला, "अरेच्चा, दहा येतच नाही की!"

वहीला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण लेखी पेपरात कंपायलर नसतो.

म्हणून लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) किंवा रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) डोक्यात शिरत नसेल, पेपर जवळ आला असेल, तर वही. लॅबमध्ये हात थरथरत असतील, कंस-अर्धविराम चुकत असतील, तर कीबोर्ड बडवा. भाच्याला सध्या वहीच. टाइप तो तसाही भराभर करतो.