फोर-टेनमध्ये घरी भरलेले स्लग: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. माझ्या एकनळी .४१० (फोर-टेन) शॉटगनमध्ये घरी भरलेली काडतुसं विकतच्या स्लगपेक्षा (छर्‍यांऐवजी एकच शिशाची गोळी असलेल्या काडतुसापेक्षा) नक्कीच चांगली लागतात, पण ५० यार्डांपर्यंतच. आणि याचं श्रेय पावडरीला कमी, मापाला जास्त.

मी ओहायोत राहतो. इथे हरणाच्या गन सीझनला बाटलीच्या मानेसारख्या काडतुसांची रायफल चालत नाही. सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना २०१४ साली परवानगी मिळाली, त्याआधी शॉटगनच. १० गेज (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) किंवा त्याहून लहान, एका नळीत एकच गोळा किंवा स्लग, असा नियम. म्हणजे फोर-टेन कायद्यात बसते. पण विकतचा नेहमीचा स्लग औंसाचा पाचवा हिस्सा, जेमतेम ८७ ग्रेन. १२ गेजमध्ये सर्रास मिळणारा एक औंसाचा स्लग याच्या पाचपट. इतक्या हलक्या शिशाने हरीण पाडायचं तर जवळून आणि जागेवरच लागायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पेटीतले स्लग बाकावर वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून मारले, तर २५ यार्डांवर ठीक, ५० वर पाच गोळ्या सहा-सात इंचांत पसरायच्या. कारण मोजल्यावर दिसतं. नळी आतून .४१० इंच, आणि स्लग चोकमधून (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून) सुखरूप जावा म्हणून कारखान्याने तो चांगलाच बारीक ठेवलेला. नळीत तो हलत-डुलत जातो. त्याच्या अंगावरच्या तिरक्या रेघांनी तो फिरतो असं बरेच जण सांगतात, पण तसं फारसं होत नाही. त्या रेघा चोकमध्ये शिसं दबायला जागा देतात. १९३१ साली कार्ल फॉस्टरने केलेला हा स्लग सरळ जातो तो नाक जड आणि बूड पोकळ असल्याने, बॅडमिंटनच्या फुलासारखा.

मी मात्र गोल गोळ्याकडे वळलो. साचा .३९० चा, शिसं शुद्ध आणि मऊ. गोळा भरतो ८९-९० ग्रेन, म्हणजे विकतच्या स्लगच्याच आसपास. आधी चोक मोजा. माझा फुल चोक .३९३ आहे म्हणून .३९० चालतो. चोकपेक्षा जाड गोळा भरणं म्हणजे नळीशी, पर्यायाने बोटांशी खेळ.

खरी करामत गोळा आणि नळीमधली पोकळी भरण्यात. नुसता गोळा ठेवला की पसारा विकतच्यासारखाच. मग तेल लावलेल्या पातळ सुती कापडात गुंडाळून, खाली कडक पुठ्ठ्याच्या चकत्या आणि नमद्याची वॅड (पावडर आणि गोळ्यामधला बोळा) लावली. कोकणात ठासणीची बंदूक पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. काडतुसाचं टोक घडी घालून बंद करण्याऐवजी गोल दुमडलं, कारण घडीच्या पाकळ्या सारख्या उघडत नाहीत. आता ५० यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांच्या आसपास राहतात. तीन गोळ्यांच्या गटावर मी विश्वास ठेवत नाही, कारण तीन कशाही एकत्र पडतात.

गोळे वजन करून वेगळे काढणं कंटाळवाणं, पण फळ देणारं. गोळा फिरत नसल्याने ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला की तो एका बाजूला ओढतो. दीड ग्रेन हलका निघाला की परत भांड्यात.

ज्यावर वेळ फुकट गेला तेही लिहितो. वेगमापकावर वेग वाढवत नेला, पण पसारा तसूभरही कमी झाला नाही, खांद्याला मात्र जाणवलं. पावडरीच्या बाबतीत उत्पादकाच्या छापील तक्त्याबाहेर एक दाणाही टाकत नाही. तीन इंची फोर-टेन काडतुसाची दाबमर्यादा १३,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि १२ गेजच्या साध्या काडतुसाची ११,५००. ‘छोटी बंदूक आहे, चालतंय’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आणि हे सगळं करण्याआधी नेम धरायची सोय बदला. नळीच्या टोकावरचा नेमाचा पितळी मणी ५० यार्डांवर निशाण्याची अख्खी काळी चकती झाकतो. मणी असताना कुठलं काडतूस चांगलं हे मला कळतच नव्हतं. लाल ठिपक्याची साधी साइट बसवल्यावरच फरक दिसू लागला.

पैशाचं म्हणाल तर काडतूस भरायचा प्रेस, साचा, तराजू आणि वेगमापक धरून बरीच वर्षं वसुली नाही. संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून काहीतरी करायची हौस असेल तरच या वाटेला जा, आणि शिसं ओतताना दार उघडं ठेवा, नंतर हात धुवा. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा हे वाचण्यापुरतंच.

या सीझनला ५० यार्डांच्या आतच बार टाकणार. त्यापुढचं हरीण शेजारच्या २० गेजवाल्याचं.